गिरणी बंद ठेवून जिंकलेली कुस्ती

।। ॐ नमः शिवाय ।।

पाटोदा, जि. बीड
सोमवार पहाट, जून १९९९

चि. संगमेश्वर यास थोरल्या अक्काचा भरघोस आशीर्वाद. मनकर्णेला आणि रवीलाही सांग. इकडं आम्ही सगळे शंकराच्या कृपेनं बरे आहोत, म्हणजे तुझ्या दाजींचा गुडघा सोडून. तो त्यांच्याही ताब्यात नाही. तुझं पित्त कसं आहे? हे पत्र वाचून ते खवळायचा संभव आहे, तेव्हा आधी चार घास खाऊन घे. मनकर्णा शेंगदाण्याची चटणी वाढायला लागली तर घेऊ नको.

पत्र पोस्टानं न टाकता तात्याबाच्या हातानं पाठवते आहे. तात्याबा म्हणजे आमच्या गल्लीतला जुना पैलवान, जत्रेच्या फडात कुस्त्यांना पंच असतो तो. माझ्या पाठराखणीला तू आलतास तेव्हा त्याच्याच खांद्यावर बसून गाव बघितलंस. त्याला पाणी दे, बसायला खुर्ची दे (स्टूल देऊ नको, वय वाढलं तरी वजन उतरलेलं नाही), आणि पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जागचा हलू नको. मधेच उठून गिऱ्हाईक बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक थांबेल. औरंगाबादेत टीव्हीची दुकानं काय कमी झालीत का, पण ज्याला तुझ्याकडूनच घ्यायचाय तो थांबेल.

तर तुझ्या पत्रात दोन गोष्टी विचारल्यास. एक, तुमच्या वर्षाराणीची बारावी झाली, आता तिचं नि आमच्या रवीचं उरकून टाकू, दाजींनी भाऊबीजेला शब्द दिलेलाच आहे, तर तिथी कधीची धरायची. दोन, मी दिलेलं मशीन कसं चाललंय आणि त्यातल्या मारामारीला जी गोष्ट जोडलेली आहे तिच्यात दम आहे का, कारण दुकानात लोक विचारतात आणि तुला काही सांगता येत नाही. तू पहिलं आधी विचारलंस, मी दुसऱ्याचं उत्तर आधी देणार. कावून ते तुला पुढं कळेल. आणि उत्तर नीट देणार, गुण गुणाच्या जागी, दोष दोषाच्या जागी, कारण ती गोष्ट मी दिवाळीपासून बघते आहे आणि आता ह्या पाटोद्यात त्या विषयावर माझ्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

पण त्याआधी भाऊबीज. सगळ्या जगाचे भाऊ ओवाळणीत साडी घालतात, फार तर भांडं घालतात. तू तबकात टीव्हीला जोडून खेळायचं मशीन ठेवलंस. काळं, चपटं, त्याला दोन रिमोट आणि एक तबकडी. म्हणालास, अक्का, किराण्याच्या दुकानात एक कोपरा ह्याला द्या, पोरं येतील, धंदा होईल. मला लई कौतुक वाटलं. आणि त्याच दमात, मी अजून निरांजन खाली ठेवलं नव्हतं, तू तुझ्या दाजींना म्हणालास, वर्षाराणी आम्हाला द्या. म्हणजे ओवाळायचं मी आणि न्यायचं तू! तुझे दाजी तेव्हा चिवडा खात होते, तोंड भरलेलं होतं, त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती का ठसक्याची होती हे आजवर ठरलेलं नाही, पण तुम्ही दोघांनी तिला शब्द म्हणायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. वर्षाला तर नाहीच नाही, ती आत बसून तुझ्याच मशीनच्या वायरी जोडत होती.

असो. मशीन दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी मांडलं. लावलं की टीव्हीवर दोन वाटा येतात, एक नुसती मारामारी आणि दुसरी गोष्टीसकट मारामारी. पहिले दोन दिवस पोरांनी नुसती मारामारी लावली आणि तिसऱ्या दिवशी कंटाळली, कारण कोण कुणाला मारतंय आणि कशापायी, काहीच कळेना. मग वर्षानं गोष्ट लावली. त्यात लढतीच्या आधी नि नंतर चित्रं येतात आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वर्षा भराभर वाचून मराठीत सांगायला लागली. तिथून जो घोळका जमला तो जमलाच. आमच्या दुकानाला लागून बद्रीनाथची पिठाची गिरणी आहे, तिथं दळणाला आलेल्या बाया डबे खाली ठेवून आमच्याकडं उभ्या राहायच्या. पैलवानांची खरी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आपली ठेवली. एका म्हाताऱ्याची मोठी तालीम आहे, तो वस्ताद. त्याची एकुलती एक पोरगी लढते, ती सायली (हे नाव दळणाला येणाऱ्या जानकीबाईच्या नातीचं, जानकीबाईनंच दिलं). वस्तादाचा भाचा सदा टोपी घालून असतो, तो टोपीवाला. आणि एक भला जाडा आहे, त्याचं नाव लोकांनी बद्रीनाथ ठेवलं. आमचा गिरणीवाला बद्रीनाथ आधी लई चिडला. मग त्यानं स्वतः येऊन त्या जाड्याला लढताना बघितलं, आणि तेव्हापासून तो हरला की गिरणीवाला बद्रीनाथ पीठ जाडंभरडं काढतो.

आता गुण ऐक. पहिला गुण, ह्या गोष्टीत प्रत्येकाला घरदार दिलंय. त्या जाड्याला आम्ही सगळ्यांनी आधी राक्षस ठरवलं होतं. मग चित्रं आली नि कळलं की त्याला मारामारी मुळीच आवडत नाही, त्याला खाणावळ काढायची आहे आणि घरी आई आजारी आहे. जानकीबाईनं डोळ्याला पदर लावला. (तिची ज्वारी तशीच डब्यात राहिली, घरच्यांनी त्या दिवशी काय खाल्लं देवाला ठाऊक.) दुसरा गुण, तीच गोष्ट तू दुसऱ्याच्या बाजूनं पण खेळू शकतोस. काल ज्याला बडवलं त्याच्या अंगात आज शिरायचं आणि त्याला काय वाटलं ते बघायचं. घरातलं भांडण सासूकडून ऐकलं आणि मग सुनेकडून पण ऐकलं, असं. हे मला फार आवडलं. आपल्याकडं माणसं मरेपर्यंत दुसऱ्या बाजूनं बघत नाहीत, तुझ्यासकट.

दोष पण आहेत. ह्या लोकांना बोलायची सवय नाही. दोन जुने मित्र कितीतरी वर्षांनी पुलावर भेटतात, तर कसा आहेस नाही, पोरंबाळं किती नाही, आई आहे का गेली नाही, एकदम लाथ. आणि भांडणाचं मूळ म्हणजे निव्वळ गैरसमज. समोरासमोर बसून चहा घेतला असता तर अर्धी गोष्ट तिथंच मिटली असती. (पण मग मशीन कोण घेणार, हेही खरं.) दुसरा दोष कपड्यांचा. सायलीला कापड कमी पडलंय. जानकीबाईनं सुचवलं की टीव्हीच्या खालच्या अर्ध्या काचेला चौकडीचा पंचा बांधावा, म्हणजे पाय झाकले जातील. बांधला. मग खालून येणाऱ्या लाथाच दिसेनात आणि सायली पटापट हरायला लागली, तेव्हा खुद्द जानकीबाईनंच पंचा ओढून काढला. लाज गेली तर गेली, म्हणाली, पण हार नको.

आणि तिसरा दोष, ज्याच्यापायी हे एवढं रामायण झालं. समज वर्षानं सायली घेऊन टोपीवाल्याला बुकललं. चांगलं चितपट केलं, पाठ मातीला लागलेली सगळ्या दुकानानं बघितली. आणि पुढचं चित्र काय येतं? टोपीवाला उभा! कपडे झटकतोय, हसतोय, म्हणतोय तू अजून कच्ची आहेस. आणि आपली सायली गुडघ्यावर बसून धापा टाकतेय. अरे, आत्ता तर आम्ही त्याला पाडलं! जिंकायचं आपण आणि गोष्ट सांगणार की तू हरलीस. तात्याबा तोवर पोत्यावर बसून शांतपणे बघत होता, तो ताडकन उठला आणि टीव्हीपुढं जाऊन उभा राहिला. "पाठ लागली म्हंजी लागली! कोण पंच हाय ह्यात? पंचाला बाहेर काढा!" सगळ्यांनी समजूत घातली की पंच मशीनच्या आत आहे, तर म्हणाला, "मंग आत बसून काय झोपा काढतो का बे?" कुणाला हसू आवरेना, पण मला खरं सांगते संगमेश, त्याचं म्हणणं पटलं.

मग तात्याबानं दुकानात कायदा केला. पाठ टेकली की तो हात वर करणार, निकाल देणार, आणि पुढचं खोटं चित्र यायच्या आत टीव्ही बंद. जिंकणाऱ्याला नारळ. (नारळ आमच्या दुकानातला, परत दुकानातच ठेवायचा. एकच नारळ हिवाळाभर पुरला.) लोक खूश झाले. वर्षा मात्र होईना. तिसऱ्या दिवशी तिनं टीव्ही बंद करायला आलेला तात्याबाचा हात धरला आणि म्हणाली, "तात्या, बंद केल्यानं निकाल बदलत न्हाई." आणि ती खोटी चित्रं सोसत सोसत तिनं सायलीची गोष्ट शेवटापर्यंत नेली. वाटेतल्या सगळ्यांना हरवलं, जाड्याला हरवलं, टोपीवाल्याला परत हरवलं. शेवटचं चित्र आलं. वस्ताद तालमीच्या पायरीवर उभा आहे, हातात गादीचा पट्टा आहे (ज्याला बांधला त्याची तालीम), आणि तो पट्टा तो टोपीवाल्याला बांधतोय. आणि सायलीला पण त्यालाच देतोय. ती मागं हातात चहाचा ट्रे घेऊन उभी. संपलं, नावं पळायला लागली.

आणि तेवढ्यात तराजूपाशी पाठ करून बसलेले तुझे दाजी (दिवाळीपासून ते असेच पाठ करून बसतात आणि एक अक्षर चुकवत नाहीत) म्हणाले, "बरोबर हाय की. घरातलं घरात राहिलं." वर्षानं रिमोट खाली ठेवला आणि आत गेली. जेवली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, अक्का (ती पण मला अक्काच म्हणते, तुझं ऐकून), मला मामाचा राग न्हाई, रवीचा पण न्हाई. मला पुढं शिकायचंय. कॉम्प्युटरचं. मग मी कुणालाच कावून दिसत न्हाई? मी तिच्याजवळ बसले. ताट तसंच राहिलं. पण त्या दिवशी मी ठरवलं की ह्या घरात हा शेवट होऊ द्यायचा नाही, मग तुझा कितीही राग ओढवो.

वाट सापडली ती मशीनच्याच डब्यावर. वर्षानं मागची बारीक अक्षरं वाचली, तर तिथं लिहिलेलं की प्रत्येक पैलवानाच्या गोष्टीला दोन शेवट आहेत. दुसरा शेवट बघायचा तर सगळ्या लढती एकही फेरी न गमावता जिंकायच्या. एक फेरी जरी गेली तरी चहाचा ट्रे. मी तिला म्हटलं, आधी बारावी, मग सायली. मार्चपर्यंत मशीनवर दळणाचं फडकं टाकून ठेवलं. परीक्षा संपली तशी पोरगी पदर खोचून बसली (पदर नाही, ओढणी, पण खोचली). कधी जाडा एक फेरी घ्यायचा, कधी टोपीवाला. तात्याबा मागून शिकवायचा, पाय मागं घे, त्याला अंगावर येऊ दे, घाई करू नको. त्याला बटणं कळत नव्हती पण कुस्ती कळत होती, आणि तिला खरंच फरक पडला. मी पण दुपारी गिऱ्हाईक नसताना रिमोट धरून बघितला. मला सायली जमत नाही, माझे अंगठे जाड आहेत. मला तो जाडा जमतो.

खरा वैरी मात्र गोष्टीतला नव्हताच, शेजारचा होता. बद्रीनाथची गिरणी सुरू झाली की आमच्याकडं लाईट एवढी उतरते की टीव्हीवरचं चित्र लिंबाएवढं होतं आणि मशीन आपोआप पहिल्यापासून सुरू होतं. वर्षा अगदी शेवटच्या लढतीला पोचावी आणि कुणीतरी बाजरी घेऊन यावं! एकदा तर मीच चुकून आमची बाजरी पाठवली. पोरगी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

मग बारावीचा निकाल लागला. वर्षा उत्तम मार्कांनी पास झाली, तालुक्यात तिचं नाव झालं, औरंगाबादेतल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला तिचा नंबर पण लागला. दुकानात पेढे वाटले. तुझे दाजी पेढा तोंडात टाकून म्हणाले, लई झ्याक झालं, आता संगमेशला कळवतो, तिथी काढू. संगमेश, मला डोळ्यापुढं टोपीवाला कपडे झटकताना दिसला. पोरीनं पाठ लावली होती रे. सगळ्या तालुक्यानं बघितलं होतं. मला असा संताप आला की मी त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा काढून घेतला आणि म्हटलं, आता सायलीचा दुसरा शेवट बघितल्याशिवाय ह्या घरातून कुणाला काही कळवायचं नाही. ते म्हणाले, त्या खेळण्याचा आणि लग्नाचा काय संबंध? मी म्हटलं, संबंध नसला तर मग थांबायला काय होतंय? आणि खरं सांगू का, त्यांना पण तो शेवट बघायचा होता.

गेल्या गुरुवारी वर्षा एकही फेरी न गमावता जाड्यापर्यंत पोचली. त्याच्यानंतर टोपीवाला, मग संपलं. दुकान गच्च भरलेलं, जानकीबाई पुढं, तात्याबा हात मागं बांधून उभा. आणि गिरणीपुढं दळणाची रांग, बद्रीनाथचा हात खटक्यावर. तेव्हा काय झालं असेल सांग. तुझे दाजी, ज्यांचा गुडघा त्यांना देवळाच्या पायऱ्या चढू देत नाही, ते तराजू सोडून ताडताड गिरणीत गेले आणि म्हणाले, गिरणी बंद ठेव. बद्रीनाथ म्हणाला, "वा शेठ! माझाच बद्रीनाथ हरावा म्हनून मीच गिरणी बंद ठिऊ व्हय?" त्याचं पण चूक नव्हतं. दळणाच्या बाया पण मधे पडल्या, त्या सगळ्या सायलीकडून. शेवटी मी दुकानातून ओरडून सांगितलं, बद्रीनाथभाऊ, आज गिरणी बंद ठेवा, सोमवारी मी स्वतः तुमच्या जाड्याची गोष्ट लावते आणि शेवटपर्यंत नेते, त्याला खाणावळ काढून देते. त्यानं विचार केला. खटक्यावरचा हात काढला आणि तो पण आमच्यात येऊन उभा राहिला.

जाडा हरला. बद्रीनाथनं मान खाली घातली पण निभावून नेलं. मग टोपीवाला. पहिली फेरी वर्षानं घेतली. दुसऱ्या फेरीत तिचा जीव अगदी केसाएवढा राहिला, आणि तात्याबा हळूच म्हणाला, "येऊ दे अंगावर." तिनं येऊ दिलं. आणि असं खालून उचलून टाकलं म्हणतोस की जानकीबाईनं माझा दंड धरला त्याचा वळ अजून आहे. तात्याबानं हात वर केला. पण ह्या वेळी टीव्ही बंद करायला कुणी हललं नाही.

चित्र आलं. टोपीवाला पडलेलाच, उठलाच नाही. तात्याबा एवढंच म्हणाला, "आता झाली निकाली." वस्ताद पायरीवर पट्टा घेऊन उभा होता, त्यानं तो सायलीपुढं धरला. सायलीनं पट्टा घेतला, डोक्याला लावला, आणि परत पायरीवर ठेवला. मग आत गेली, एक गाठोडं घेऊन आली, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि रस्त्यानं चालायला लागली. लांब रस्ता. ती बारीक बारीक होत गेली. नावं पळायला लागली, आणि संपलं.

आणि तराजूपाशी पाठ करून न बसलेले, चक्क टीव्हीपुढं उभे असलेले तुझे दाजी वर्षाला म्हणाले, "कुठं चालली ती?"

वर्षा म्हणाली, "सांगितलं न्हाई, अप्पा."

"असं कसं सांगितलं न्हाई? एवढी पोरगी, एकटी, एवढ्या लांब. उतरणार कुणाकडं? तिला मामा न्हाई का?"

बोलून गेले ते, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. वर्षा त्यांच्याकडं बघत होती. मी पण बघत होते. बद्रीनाथसुद्धा बघत होता. तुझे दाजी तराजूपाशी गेले आणि जानकीबाईला न मागितलेला गूळ तोलून दिला. शुक्रवारी सकाळी मी बघते तर त्यांनी माळ्यावरून माझ्या लग्नातली ट्रंक काढलेली आणि अंगणात बसून तिची कडी घासत होते. मी विचारलं, कशाला काढली? म्हणाले, गंज लागलाय. मला रडू आलं, पण मी ते स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तर गोष्टीत दम आहे का, ह्याचं उत्तर: आहे. गिऱ्हाइकाला बेलाशक सांग. फक्त हेही सांग की तिच्यात एक मोठा दोष आहे, पोरीला रस्त्यावर आणून सोडतात आणि पुढं तिचं काय झालं ते दाखवत नाहीत. बाकी सगळ्यांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी अक्का
नीलम्मा

ता. क. — तुझा पहिला प्रश्न राहिलाच. तिथी काढायची नाही. वर्षाराणी रवीला द्यायची नाही. रवीत खोट नाही, पोरगं सोन्यासारखं आहे. उन्हाळ्यात चार दिवस आलता तेव्हा तो वर्षाकडून इतक्यांदा हरला की शेवटी मला म्हणाला, "आत्या, लग्नाची हौस आमच्या बाबांना हाय, मला कुणी इचारलंच न्हाई. तिला फक्त ती खालची लाथ कशी मारती तेवढं इचारून सांग." म्हणजे त्यालाही तू विचारलेलं नाहीस. तू चिडशील, हे मला माहीत आहे. तू अबोला धरलास तर आपल्या आई-वडलांच्या मागं मला माहेर म्हणून दुसरं दार नाही, हेही माहीत आहे. ह्या विचारानं मला चार दिवस घास गोड लागला नाही. तरी उत्तर हेच आहे.

ता. क. २ — यंदाची भाऊबीज मी आत्ताच मागून घेते. साडी नको, मशीन नको. वर्षा तीन वर्षं तुझ्या घरी राहून कॉलेज करील. सून म्हणून नाही, भाची म्हणून. मनकर्णेला पोळ्या लाटून देईल, आणि तुझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला गोष्टी वाचून दाखवील, म्हणजे तुला दर वेळी मला पत्र लिहून विचारायला नको. पोरगी मागितलीस ना? घे, ठेवून घे.

ता. क. ३ — मी स्वतः कावून आले नाही? आज सोमवार आहे. बद्रीनाथला शब्द दिलाय, तो उजाडायच्या आधीच गिरणी बंद ठेवून आमच्या दुकानात येऊन बसलाय. ह्या घरानं दिलेला एक शब्द मोडतोच आहे, तर निदान दुसरा पाळला गेला पाहिजे.

ता. क. ४ — तात्याबा एवढ्या लांब नुसतं पत्र द्यायला आलेला नाही. तो तुझे दाजी आणि वर्षा ह्यांच्याबरोबर पहाटेच्या गाडीनं निघतो आहे. ती दोघं तुमच्या स्टँडवर ट्रंक घेऊन बसलेली असतील. तुझ्या दाजींना तुझ्या दारात यायची लाज वाटते, शब्द मी दिलता, तोंड कसं दाखवू, म्हणतात. तू स्वतः न्यायला आलास तरच उठणार, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन परत. तेव्हा रवीला पाठवू नको, तू जा. एवढं सगळं वाचायला तुला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझी पोरगी तिथं बाकावर बसून आपला मामा येतो का बघते आहे. आणि तात्याबाला मी पंच म्हणून पाठवलंय. मान वर करून बघ, तो तुझ्याकडंच बघत असेल. ऊठ बाळा.